सोमाजीच्या पोटावरचा भुऱ्या

सोमाजी उंदिरवाडे स्टेजवर यायचे तेव्हा विंगेतून आधी त्यांचं पोट यायचं. मग थोडा वेळ काहीच यायचं नाही. मग सोमाजीभाऊ. त्या मधल्या रिकाम्या वेळातच, धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, नाटकासाठी खणलेल्या खड्ड्यात बसलेली माणसं हसायला लागायची आणि भाऊंना पहिलं वाक्य बोलायला ताटकळावं लागायचं.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, की गावोगाव मंडईची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि त्यांच्या निमित्तानं नाटकं. नाटक नेहमीचंच असतं. थोरला भाऊ देवमाणूस, धाकटा वाया गेलेला, सून सोशिक, आणि या सगळ्यांच्या रडारडीत अधूनमधून सोमाजी. सून मी असते, त्यामुळे रडारडीची जबाबदारी माझी. हसवायची जबाबदारी पंचवीस वर्षं सोमाजीभाऊंची. वडशाच्या दादाजी नाकाड्यांची कंपनी त्यांनी कधी सोडली नाही. पोस्टरवर नायकाचा फोटो लहान आणि भाऊंचा मोठा, कारण लहान चौकटीत ते मावतच नसत. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'सव्वा क्विंटलचा हास्यसम्राट'. हंगाम संपला की सम्राट ब्रह्मपुरीच्या बसस्टँडजवळ सायकलींचे पंक्चर काढत.

त्या पोटावर एक बैल होता. गोंदलेला.

पिंपळटोला हे कुरखेड्याकडचं जंगलातलं गाव. तिथं पटाच्या आदल्या दिवशी नाटक होतं आणि भाऊ स्टेजवर बोलता बोलता बोलून गेले, "तुमच्या जंगू कुमऱ्याचा भुऱ्या उद्या पहिला आला, त मी त्याले पोटावर बसवून घरी नेईन."

दुसऱ्या दिवशी भुऱ्या पहिला आला. पिंपळटोल्याची माणसं शब्द विसरत नाहीत, स्वतःचाही आणि दुसऱ्याचाही. जत्रेत गोंदणारी बाई बसली होती. भाऊंना तिच्यापुढे आडवं केलं आणि गुलालानं माखलेला भुऱ्या समोर आणून उभा केला, म्हणजे बाईला बघून काढता यावा.

बाई पोटाकडे पाहून म्हणाली, "एवढं मोठं आंगन मले आजवर भेटलं नाई जी. पुरी जोडी काढू का?"

"एकच काढ वो बाई. दोन काढले त लोक गोठा म्हनतीन."

बैल झाला. मान ताठ, शिंगं वर, शेपटी उडालेली. तोंडासमोर बेंबी होती, ती त्याचं पाण्याचं टाकं. त्यानंतर प्रत्येक नाटकात सोमाजीभाऊ सदरा वर करून पोट वाजवायचे आणि "भुऱ्या, पानी पे" म्हणायचे. पब्लिक लोळायची. फक्त पिंपळटोल्यानं ते कधी पाहिलं नाही. पुढे कोर्टाच्या बंदीमुळे पट थांबले. पट नाही तर पाहुणे नाहीत, आणि पाहुणे नाहीत तर नाटक कोणासाठी? कंपनी दहा वर्षं त्या गावाला फिरकली नाही.

मधल्या काळात भाऊंची साखर वाढली. पायाच्या अंगठ्याला झालेली जखम काही केल्या भरेना. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरनं सरळ विचारलं, "पाय ठेवायचा आहे की पोट?" मुलगी साक्षी नर्स आहे, तिनं औषधाच्या वेळा बांधून दिल्या. आणि बायकोनं, केसरबाईनं, भात बंद केला. आमच्या धानपट्ट्यात माणसाचा भात बंद करणं म्हणजे त्याला जातीबाहेर टाकण्यासारखंच.

"भात बंद म्हंजे? मी का वऱ्हाडात राह्यतो, ज्वारीची भाकर खाले?"

"डॉक्टरनं सांगतलं."

"डॉक्टर कुठचा हाये?"

"अकोल्याचा."

"मंग तो भाकरच सांगन."

पण खाल्ली. चिडत, कुरकुरत, लाखोरीच्या भाजीशी भाकर खाल्ली. सकाळी वैनगंगेच्या दिशेनं चालत जायचे आणि चालत यायचे. जखम भरली, पाय वाचला. दोन वर्षांत अंगावरून दीड कट्टा, म्हणजे साठ किलो, धान उतरलं, असं केसरबाई सांगायची. भाऊ जवळपास निम्मे झाले.

पोट गेलं. पोटाचं कातडं मात्र राहिलं.

ते खाली लोंबायचं. बसले की मांडीवर घडी घालून ठेवलेल्या टॉवेलसारखं पडायचं. दंडाखाली झोळ, गळ्याखाली झोळ. आयुष्यभर ट्यूबा हाताळलेला माणूस, तो स्वतःच म्हणायचा, "हवा काढली गा, पन ट्यूब त मोठ्याच चाकाची हाये."

केसरबाईनं एकदा आंघोळीच्या वेळी नीट पाहिलं आणि म्हणाली, "धान विकलं, बारदाना घरीच राह्यला." मग अजून जवळ येऊन पाहिलं. "अन् हे शेळी कुठून आनली?"

बैलाचे पाय दुमडले होते. मान एका घडीत गेली होती, शिंगं खाली येऊन कानासारखी लोंबत होती. शेळी म्हणणंही मोठेपणाच होता.

भाऊ तेव्हा हसले. दुसऱ्या दिवसापासून न्हाणीचं दार लावून आंघोळ करू लागले. डॉक्टरला एकदा हळूच विचारलं, "हे चमडी आत कधी जाईन जी?"

"या वयात फारशी जाणार नाही. नागपूरला ऑपरेशन करून काढतात, पण तुम्हाला त्रास नसेल तर कशाला?"

"अन् काढली त बैल?"

"कुठला बैल?"

"काई नाई," म्हणून भाऊ उठले आणि जाता जाता औषधाच्या दुकानातून कंबरदुखीचा रुंद पट्टा घेऊन गेले. तेव्हापासून सगळा बारदाना पट्ट्यात आवळलेला आणि वर पूर्ण बाह्यांचा सदरा.

पायाच्या जखमेपायी दोन हंगाम घरी काढून वडशाला तालमीला भाऊ आले तेव्हा दादाजींनी तोंडातला तंबाखूचा खर्रा गिळला. पोस्टर छापून झालं होतं.

"भाऊ, हे काय करून ठेवलं?"

"जिवंत राह्यलो, दादाजी."

"ते बरं केलं. पन सव्वा क्विंटलचं काय?"

उपाय म्हणून उशी आली. पट्ट्यावर उशी, उशीवर सदरा. पहिल्या प्रवेशात भाऊंनी पोट वाजवलं, तर 'धप्प'च्या ऐवजी 'फुस्स' झालं. दुसऱ्या प्रवेशात खुर्चीवर बसून उठले तेव्हा उशी फिरून पाठीवर गेली होती. नायक आपलं वाक्य त्या उशीलाच बोलून मोकळा झाला. आम्ही सगळे हसलो. दादाजी हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तालमीला विक्की आला. गडचांदूरचा, सिमेंटच्या गावचा, वय जेमतेम सव्वीस. दारातून आडवा होऊन आत आला आणि बाकावर बसला तेव्हा बाकाच्या दुसऱ्या टोकाचा प्रॉम्प्टर वर उचलला गेला.

दादाजींनी भाऊंना बाजूला घेतलं. मी जवळच भांगात कुंकू भरत होते.

"पहिलं नाटक पिंपळटोल्याले हाये. बंदी उठली, दहा वर्सानं पट भरून राह्यला तिथी. त्याईनं कंपनी नाई बोलावली, तुमाले बोलावलं. लोक हासले, त हंगाम तुमचा. नाई हासले, त दुसऱ्या दिवसापासून तुमच्या जागी विक्की."

"अन् मी?"

दादाजी पोस्टरांची गुंडाळी सोडवू लागले. भाऊंनी विक्कीकडे पाहून मान हलवली. "पोट बरं हाये. सिमेंटच्या गावचं हाये, पाया पक्का."

गाडीत विक्कीला दोन सीट लागल्या. पुढच्या सीटवर भाऊ, मांडीवर उशी.

"भाऊ, नाराज हा काय माह्यावर?"

"नाई गा. मी तुह्या पोटाकडे पाहून राह्यलो. जुनं घर विकल्यावर मानूस मुद्दाम त्याच गल्लीतून जाते ना, तसं वाटते."

विक्की पुढच्या सीटकडे वाकला. मग म्हणाला, "मले हासवाचंच नाई भाऊ. मले इन्स्पेक्टर व्हाचं हाये नाटकात."

"मंग सांग ना दादाजीले."

"सांगतलं. त म्हनले, तुले वर्दी घातली त बटनं उडून आरोपीले लागतीन."

भाऊ हसले. त्या प्रवासात एवढंच.

पिंपळटोल्याच्या वेशीवर ढोल होते, गुलाल होता, हार होते. पटाचा दिवस, गावात पाहुणे मावत नव्हते. गाडी थांबली आणि दारातून विक्की आडवा होऊन उतरू लागला. आधी पोट आलं. मग थोडा वेळ काहीच आलं नाही.

"आले रे, सोमाजीभाऊ आले!"

विक्कीचं डोकं बाहेर येईपर्यंत गळ्यात हार पडला होता.

"मी नाई जी, मी नाई," विक्की म्हणाला.

लोक खो खो हसले. "पाहा, उतरता उतरताच हासवून राह्यले."

"अजी खरंच, मी तो नाई."

अजून हसले. एका म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून विचारलं, "पन हे एवढे जवान कसे दिसतेत?" दुसरा म्हणाला, "डाय लावला असन. आता सगरेच लावतेत." आणि मिरवणूक ढोल वाजवत निघाली.

सोमाजीभाऊ सगळ्यांत शेवटी उतरले. नाटक बोलावणाऱ्या मंडळाचा एक माणूस त्यांना म्हणाला, "मेकअपवाले ना तुमी? सामान शाळेत ठेवा, मंग जेवाले या."

आमच्याकडे नाटकवाल्यांना गावातली घरं जेवायला वाटून घेतात. सोमाजी उंदिरवाड्यांना मागून घेतलं होतं जंगू कुमऱ्यानं, जो आता मंडळाचा अध्यक्ष होता. मलाही त्याच घरी पाठवलं. अंगणात विक्की बसला होता. पुढ्यात पितळी परातीत भाताचा डोंगर, आणि जंगूची बायको अन्नपूर्णाबाई वरून वांग्याची भाजी ओतत होती. विक्कीनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याला सोडवायला आले आहे. मीही बसून घेतलं. भूक लागली होती.

तेवढ्यात दादाजींसोबत भाऊ आले. पाय धुतले, हात जोडले.

"जंगूभाऊ, मी सोमाजी उंदिरवाडे."

जंगूनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहायला आता फार वेळ लागत नव्हता.

"नाव असन तुमचं तेच. पन आमाले ते सोमाजी पायजे."

"तोच मी."

"हेच हाये जी, आईची शपथ," विक्की तोंडात घास घेऊन म्हणाला.

जंगूनं त्याच्याकडे मान वळवली. "मंग तुमी कोन?"

"मी त्यांचा... राखीव."

"राखीव काय?"

विक्कीनं घास गिळला. त्यानं खाली पोटाकडे पाहिलं. पाठोपाठ सगळ्यांनी पाहिलं.

जंगूचा चेहरा कडक झाला. "पाहा दादाजी, पल्याडच्या गावाले मागच्या वर्सी असंच झालं. पोस्टरवर एक बाई, स्टेजवर दुसरीच. तवा आमी ठरवलं, पाहूनच घ्यायचं. हे दोघंई सोमाजी नाई. एक जवान हाये, एक अर्धा हाये."

अन्नपूर्णाबाई पातेलं खाली ठेवून म्हणाली, "सोमाजीभाऊले म्या माह्या हातानं वाढलं होतं. तो मानूस खरा का खोटा हे समजाले का लागते? त्याच्या पोटावर भुऱ्या हाये. भुऱ्या दाखवा म्हनावं."

"बराबर," जंगू म्हणाला. मग त्याचा आवाज जरा खाली आला. "भुऱ्याचा फोटो नाई आमच्या घरी. तीन हिवाळे झाले त्याले जाऊन. कोनी काढलाच नाई फोटो. त्याचं चित्र या जगात एकाच जागी हाये."

अंगणातले सगळे भाऊंकडे पाहू लागले. भाऊंचा हात सदऱ्याच्या टोकाशी गेला आणि तिथंच थांबला.

"नाई दाखवत," ते म्हणाले, आणि वळून चालू लागले.

"पाह्यलं?" जंगू म्हणाला. "दुप्लिकेट."

दादाजी मागे धावले. "भाऊ, सदरा वर करा अन् सुटा ना. काऊन अडून राह्यले?" भाऊ शाळेच्या मागे जाऊन बसले होते. दादाजींनी हात टेकले आणि मंडळाला समजावायला परत गेले. दिवस कलला होता. पटावरून जोड्या सुटल्याचा गलका ऐकू येत होता.

मी शाळेमागच्या बोरिंगवर हात धुवायला गेले तेव्हा विक्की तिथं पोचला होता. एवढं जेवून एवढ्या लांब चालत आल्यामुळे धापा टाकत होता.

"भाऊ, तुमचं माझं भांडन असतं त मी गप बसलो असतो. पन मले हे काम नको हाये. दाखवून टाका."

"काय दाखवू? बैल राह्यला का तिथी? शेळी झाली गा. जंगू दहा वर्स तो बैल मनात धरून बसला. त्याच्यापुढे शेळी सोडू?"

"तेवढंच कारन हाये?"

भाऊंनी सदरा खाली ओढला. मग म्हणाले, "हासतीन मले पाहून."

"तुमी त हासवालेच आलात."

"मी हासवलं म्हनून हासनं येगळं. मी सदरा वर केला अन् मी काई बोलाच्या आधीच हासले, त ते हासू माह्यं नाई. ते माह्यावरचं हाये. पोट होतं तवा ते मी पुढे करत होतो. हे," त्यांनी पट्ट्यावर हात ठेवला, "हे मी पुढे केलं नाई. हे मागं राह्यलं."

विक्की बोरिंगच्या ओट्यावर बसला. "मी शाळेपासून उघडा आंघोळीले गेलो नाई. दोस्त नदीत उड्या मारतेत, मी काठावर त्याईचे कपडे सांभाळतो. मी पोट हाये म्हनून, तुमी पोट नाई म्हनून. मंग भाऊ, या दुनियेत उघडं होते तरी कोन?"

भाऊंनी जरा विचार केला.

"बैल," ते म्हणाले.

विक्कीला हसू आलं. मलाही आलं, म्हणून मी बोरिंग जोरात हापसली. भाऊ उठले, धोतर सारखं केलं. "चल. पन तू बाजूले उभा राहा. कोनी हासलं त त्याच्यापुढे ये, म्हंजे मले दिसनार नाई."

शाळेच्या व्हरांड्यात मंडळ बसलं होतं. जंगू, त्याचा धाकटा भाऊ इसरू आणि चार-पाच जण. अन्नपूर्णाबाई आणि काही बाया खांबाआड. भाऊंनी आधी उशी काढून जमिनीवर ठेवली. एक कुत्रं येऊन ती हुंगून गेलं. मग पट्टा सोडला, सदरा वर केला, आणि नाटकाचा पडदा दोरी तुटून यावा तसं कातडं खाली आलं.

विक्की एक पाऊल पुढे झाला. पण कोणी हसलं नाही. इसरू वाकून पाहू लागला.

"कुठी हाये भुऱ्या?"

"हे शिंग का?"

"ते नाई. ते घडी हाये."

जंगूनं खिशातून चष्मा काढून लावला आणि गुडघ्यावर बसला. जंगलात हरवलेलं ढोर शोधायला निघाल्यासारखा तो एकेक घडी पाहत गेला. मग बोट थांबलं.

"खूर सापडला."

"मंग खुरावरून वरतं जा," खांबाआडून अन्नपूर्णाबाई.

"पाय हाये. दुसराई पाय हाये. इसरू, तू तिकडून धर. अलगद धर, ते मानसाचं हाये."

दोघांनी दोन बाजूंनी कातडं धरलं आणि हळूहळू ताणलं. आधी दुमडलेले पाय सरळ झाले. मग पाठ आली. मग घडीत गेलेली मान बाहेर आली, आणि शेवटी शिंगं वर उठली. शेळीचा बैल झाला.

"डावं शिंग पाहा," अन्नपूर्णाबाईनं विचारलं. "वाकडं हाये का?"

"वाकडं हाये."

"मंग आपलाच."

इथंवर सगळं गंभीर होतं. पण इसरूची बोटं भाऊंच्या कुशीत रुतली होती, आणि सोमाजीभाऊंना भयंकर गुदगुल्या होतात. त्यांनी ओठ दाबले, श्वास धरला, जंगूच्या चेहऱ्याकडे पाहून स्वतःला आवरलं. शेवटी नाकातून फुर्र झालं आणि ते हसत सुटले. हसताना दोन्ही टोकांमध्ये धरलेलं कातडं लाटेसारखं हलू लागलं. भुऱ्याचे पुढचे पाय मागे, मागचे पुढे. पाठ वर, पाठ खाली. शेपटी उडतच होती.

"सोडा गा, सोडा, मरतो मी," भाऊ हसत हसत म्हणाले.

जंगूनं सोडलं नाही. "हालू नोको इसरू," तो म्हणाला. "अन्नपूर्णे, इकडे ये वो. धावून राह्यला."

अन्नपूर्णाबाई खांबाआडून आली. पदर तोंडाला लावून तिनं पाहिलं.

"पट बंद झाला तवा भरात होता," जंगू भाऊंना म्हणाला. "मंग खुट्यालेच बांधून म्हातारा झाला. झोपेत पाय हालवे. आमाले समजे, कुठी गेला म्हनून."

भाऊंचं हसू थांबलं. त्यांनी मान खाली घातली आणि दोन माणसांनी ताणून धरलेल्या आपल्याच कातड्याकडे नीट पाहिलं.

"म्या त याले बैल म्हनून कधी पाह्यलाच नोता," ते म्हणाले. "पोटाच्या पल्याडच्या बाजूले राह्ये. मले इकडून दिसेच नाई."

मंडळाचा निकाल लागला होता, पण गावाचा बाकी होता. खड्ड्यात बसलेल्या हजारभर माणसांनी सव्वा क्विंटल बोलावलं होतं. उशी कुठंच सापडेना. कुत्र्यानं नेली असावी. किंवा भाऊंनी शोधलीच नाही. पट्टासुद्धा त्यांनी शाळेतच ठेवला.

त्यांचा प्रवेश आला. पेटीनं सूर धरला. मी स्टेजवर पाटाशी बसून रडत होते, त्यामुळे मला सगळं समोरून दिसलं. विंगेतून पोट आलं नाही. एकदम भाऊच आले, किडकिडीत, गळ्याखाली झोळ. खड्ड्यात माना उंचावल्या. मग मागून कोणीतरी, "अरे, हा कोन?"

भाऊंनी दम धरला. आधी पोट आणि माणूस यांच्यामध्ये जेवढा वेळ जायचा, तेवढाच जाऊ दिला. मग विंगेकडे वळून पाहिलं, पब्लिककडे पाहिलं आणि म्हणाले,

"पोट मागून येऊन राह्यलं. तुमच्या गावचा रस्ता खराब हाये."

पुढची रांग हसली. रस्त्याचं दुःख सगळ्यांनाच होतं.

"सव्वा क्विंटल सांगतलं होतं ना तुमी? धान विकलं बाप्पा. बारदाना आनला." आणि सदरा वर केला.

हसू खड्ड्याच्या एका कडेनं सुरू झालं. भाऊंनी हात वर करून ते थांबवलं आणि पोटाशी वाकून कातडं दोन्ही हातांनी धरलं. "थांबा, आत कोनीतरी हाये. झोपला हाये. दहा वर्स झाले. जंगूभाऊ, झेंडी दाखवा."

जंगू पहिल्या रांगेतून उठला. गळ्यातला दुपट्टा काढला आणि पटावर जोडी सोडताना पाडतात तसा वरून खाली पाडला. भाऊंनी कातडं ताणलं. दिव्यांच्या उजेडात भुऱ्या उभा राहिला आणि पळायला लागला. भाऊ तोंडानं त्याच्या टापा वाजवत होते, त्याला हाकत होते, मधेच "बेंबी आली, पानी पे, मंग जा" म्हणून थांबवत होते. आधी तो बैल नुसता उभा असायचा. हे धावणं कंपनीतल्या कोणीच कधी पाहिलं नव्हतं, भाऊंनीसुद्धा. मी सोशिक सून, तोंडात पदर कोंबून बसले होते.

विंगेत दादाजी माझ्या बाजूच्या पडद्याआड उभे होते. डोळे पुसत होते, हसल्यामुळेच.

"विक्की," ते म्हणाले, "वर्दी घाल."

"कोनती?"

"इन्स्पेक्टरची."

"दादाजी, बटनं लागत नाई."

"उघडीच ठेव. लाच खाल्लेला इन्स्पेक्टर हाये."

भाऊंनी सदरा खाली सोडला आणि पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं. पण खड्डा गप्प होईना. जंगू अजून उभाच होता, हातात दुपट्टा धरून.

"सोमाजीभाऊ," तो म्हणाला, "अजून एकदा सोडा ना त्याले."

"सोडतो," भाऊ म्हणाले. "जरा दम खाऊ द्या. दहा वर्सानं धावला."